कॉरिडॉरमधल्या मोटरसायकलची चोरी

माणसाच्या तोंडाकडं नुसतं बघून चोर कोण ते मी सांगायचो, अख्ख्या जिल्ह्यात तसं नाव होतं माझं. आता एकदा असंच बघून ज्याला बाजारातनं धरून आणला तो नव्या साहेबांचा मेव्हणा निघाला, आणि नाव झालं ते त्याच्यामुळं, ही गोष्ट वेगळी.

नोकरीतल्या केसा पुष्कळ आहेत. पण जी आठवली की आजसुद्धा हातातला चहा हातातच राहतो, ती नोकरीतली नाहीच. ती रिटायर झाल्यावरची, आणि तीही सिंगापूरची. नाव कुणाचंच घेणार नाही. एक तर ती माणसं हयात आहेत. दुसरं म्हणजे त्यात सगळ्यात मोठा गाढव मी, आणि माझं नाव छापणारे छापतीलच.

मी सातवी नापास. उंची होती, छाती फुगत होती, म्हणून पोलिसात घेतलं. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा लेकीनं सिंगापूरला बोलावून घेतलं. क्लेमेंटीला तिचा फ्लॅट. जावई कंपनीच्या कामानं निम्मा महिना बाहेरदेशी, लेक दिवसभर ऑफिसात. मी आणि कॉरिडॉर, दोघंच घरी.

फ्लॅटमधली एक खोली त्यांनी भाड्यानं दिली होती. त्यात नागपूरकडचा एक पोरगा राहायचा. युनिव्हर्सिटीत रिसर्च करायचा. कशावर? गंजावर! लोखंडाला गंज का चढतो आणि कसा थांबवायचा, यावर त्यानं डॉक्टरकी मिळवली होती. मी म्हणालो, "अरे, आमच्या ठाण्याच्या आवारात यायचं होतंस. जप्त केलेल्या गाड्या बघून तुला जन्माला पुरेल एवढा अभ्यास मिळाला असता." हसला. चांगला होता पोरगा. सकाळी खोलीतनं बाहेर आला की "जय भीम, काका", आणि जाताना "येतो जी, काका". माझी औषधं आणून द्यायचा.

तिथं राहून काम करायचा त्याचा सरकारी पास त्या महिन्यात संपत होता. नव्या पाससाठी अर्ज गेला होता, उत्तर यायचं होतं. तिकडं पास म्हणजे माणसाचा श्वास. तो नाही मिळाला तर बॅग भरायची आणि सरळ नागपूर. घरी आई एकटी, बहिणीचं शिक्षण याच्या जिवावर. आणि पोलिसांचा साधा डाग लागला तर पास गेलाच, असं लेक जेवताना एकदा म्हणाली होती. म्हणजे हे मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच माझी कीव यायची नाही.

शेजारी एक चिनी म्हातारा-म्हातारी. म्हाताऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दिवसभर चाकाच्या खुर्चीत दारात बसायचा. म्हातारी मला रोज काळी कॉफी द्यायची.

"यू ईट ऑलरेडी?"

"यस. यू?"

"यस लाह."

एवढंच आमचं बोलणं. तेवढ्यावर आमची घरोब्याची ओळख झाली होती.

त्यांच्या दारापासनं जिन्यापर्यंत फळांची खोकी आणि दुधाच्या पावडरीचे डबे रचून ठेवलेले. त्यात काय, तर एक मोटरसायकल. अख्खी, पण सुटी. एका खोक्यात स्पोक, एकात गिअरची चाकं, डब्यांत नटबोल्ट, भिंतीला टेकवलेली चेसी. साहेबाच्या काळातली इंग्लिश गाडी. म्हाताऱ्यानं जवानीत इंजिन खोललं ते खोललंच, परत काही बसलं नाही. मग जन्मभर रविवारी जुन्या बाजारात जाऊन तो तिचे कमी पडणारे पार्ट गोळा करत राहिला. लेकीनं हे सगळं मला सांगितलं होतं. मला मात्र ते डबे बघून वेगळंच आठवायचं. आमच्याकडं मोटरसायकल चोरली की पहिलं काम म्हणजे ती खोलायची. चेसी एकीची, इंजिन दुसरीचं, नंबर तिसरीचा. सुटे पार्ट दिसले की माझं नाक फुरफुरतं. सवय.

आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की खोकी कमी व्हायला लागली.

खबर मला कुणी दिली नाही. मीच माझा खबरी. आधी चेसी गेली. मग चाकं. मग एका दुपारी बघतो, तर आमचा पोरगा तांदळाच्या पोत्यात काहीतरी घालून जिन्याकडं चाललाय, आणि म्हातारा खुर्चीत अर्धा उठून, डावा हात वर करून, "आ! आ!" असा ओरडतोय. डोळ्यांतनं पाणी. म्हातारी आत भांडी घासत होती, तिला पत्ता नाही. पोरगा मागं वळला, तोंडावर बोट ठेवून म्हाताऱ्याला गप्प राहायची खूण केली, आणि गेला.

लुळ्या माणसाला दारात बसवून त्याच्या डोळ्यांदेखत लुटायचं? नोकरीत खून बघितले, पण एवढं निर्लज्ज काम नव्हतं बघितलं. पोरगा गेल्यावर त्याच्या खोलीत डोकावलो. झडतीचा हुकूम वगैरे काही नाही, नुसती मान आत. खाटेखाली चादरीत गुंडाळलेली पेट्रोलची टाकी. खिडकीत डबे. मुद्देमाल सगळा जागेवर.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पोरगा घरी होता. स्वयंपाकघरात बसवला आणि तपास सुरू केला. माझी पद्धत ठरलेली. आधी चहा द्यायचा. मग काही बोलायचंच नाही, नुसतं बघायचं. मग एकदम म्हणायचं, "मला सगळं माहीत आहे." ठाण्यात यावर माणसं कबूल व्हायची. एकानं तर अशी एक चोरी कबूल केली होती, जी झालीच नव्हती.

"मला सगळं माहीत आहे," मी म्हणालो.

"मंग इचारता काऊन, काका?"

मी चहा प्यालो. माझा. मग त्याचा.

"पोत्यातनं काय नेलंस काल?"

"तुआसला नेलं. दोस्ताच्या कंपनीची शेड आहे तिथं."

"कशाला?"

"ते नाही सांगू शकत नं, काका. शब्द देल्ला आहे."

"कुणाला?"

"तेही नाही सांगू शकत."

"हे बघ, मी पोलीस आहे."

"होते, काका," पोरगा एकदम नम्रपणे म्हणाला. "आणि इथं तर तेही नव्हते."

झालं. रिटायर माणसाला दुसरं काहीही बोला, 'होते' म्हणू नका. मी पायजमा बदलून पँट चढवली आणि खाली उतरलो.

आता आमच्याकडं एक रीत आहे, ती इथं सांगायला पाहिजे. पोरगं बिघडायला लागलं की घरची माणसं ठाण्यात येतात. "साहेब, लिहू नका काही, नुसता दम द्या." मग आम्ही पोराला बोलावून बाकावर बसवतो, काठी टेबलावर आपटतो, दोन शिव्या देतो आणि चहा पाजून घरी पाठवतो. स्टेशन डायरीत ओळ नाही, एन.सी. नाही, काही नाही. पोरगं सुतासारखं सरळ. दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक असतं की हे खरं नाही. मला एवढंच पाहिजे होतं. इमारतीच्या खालीच पोलिसांची छोटी चौकी होती. म्हटलं, भाऊबंदच आपले. पोराला जरा घाबरवतील, टाकी जागेवर येईल, मिटलं.

चौकीत एक चिनी पोरगी बसलेली. खांद्यावर पट्ट्या, वय माझ्या लेकीपेक्षा कमी. आणि एक तमिळ हवालदार. मी कडक सॅल्यूट ठोकला. पोरगी दचकली.

"मॅडम, नो राइट," मी म्हणालो. "ओन्ली लिटल फियर."

तिनं हवालदाराकडं बघितलं. त्याला थोडी हिंदी येत होती, म्हणजे माझ्या इंग्रजीएवढी. मी त्याला समजावलं, "लड़का अच्छा है, बस थोड़ा डराने का है."

"अंकल," तो म्हणाला, "चोरी हुआ, कि नहीं हुआ?"

इथं अडकलो. नाही म्हणावं तर मग आलो कशाला? "हुआ," मी म्हणालो.

त्या एका शब्दावर पोरगीनं कॉम्प्युटर पुढं ओढला. माझं नाव, पासपोर्ट, फ्लॅटचा नंबर, कुणी नेलं, कुणाचं नेलं. मी म्हणतोय, "नो राइट, नो राइट," आणि ती टकटक लिहितेय. शेवटी कागद बाहेर आला, मी खाली मराठीत सही केली. मनात म्हटलं, असू दे. लिहिलं म्हणून काय होतंय? आमच्याकडं अर्ज आढीतल्या आंब्यासारखा झाकून ठेवतात. फरक इतकाच, की तो कधी पिकत नाही.

बाहेर येऊन हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिकडच्या खाण्याच्या टपऱ्यांत, डोसा खाल्ला, दोन घोट चहा घेतला, लिफ्टनं वर गेलो. दारात पोलीस.

तीच पोरगी आणि तोच हवालदार. मी डोसा गिळेपर्यंत केस आमच्या घरी पोचली होती. माझ्या नोकरीत आग लागली तरी आम्ही एवढ्या लवकर कुठं गेलो नव्हतो. पोरगा भिंतीला पाठ लावून उभा. हातात नटबोल्टचा डबा होता तो सुटला, आणि सगळे नट घरंगळत कॉरिडॉरभर गेले. कुणी उचलायला वाकलं नाही.

लेक माझ्याकडं बघत होती. "बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मी नुसता दम द्यायला सांगितला होता."

"त्याचा पास अडकलाय, बाबा! तुम्हाला माहीत होतं!"

पोरगा हळूच म्हणाला, "काका, या घरात जावईबापूही आहेत. तेही थैल्या घेऊन जातात-येतात. शक माझ्यावरच काऊन आला?"

मी म्हणालो, "अरे, जावई आळशी आहे, त्याच्यानं टाकी उचलणार नाही." माझ्या जन्मातला हा पहिला विनोद, ज्यावर मी स्वतःसुद्धा हसलो नाही.

मग पोरगीनं मला खुर्चीत बसवलं. पोराला नव्हे, मला! लेक मधे उभी राहून तिचं मला आणि माझं तिला समजावून सांगत होती.

"नेताना मालकानं अडवलं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"तो ओरडत होता. रडत होता."

"त्याला विचारलंत का?"

"त्याला बोलता येत नाही."

"त्याच्या बायकोला?"

"ती भांडी घासत होती."

"मग चोरी झाली हे सांगितलं कुणी?"

"माझा अनुभव," मी म्हणालो.

हवालदारानं वही खाली केली. "अंकल, ये अनुभव किधर लिखूँ?"

नोकरीत समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या तळहाताला घाम का सुटतो, ते मला त्या दिवशी कळलं. त्याला चोरी केलेली असावी लागत नाही.

पोरगी उठली आणि सरळ शेजारच्या दारात गेली. म्हाताऱ्याच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. म्हातारा आधी पोलिसांना बघून घाबरला. मग प्रश्न कळला, तसा त्यानं डावा हात लांब करून पोराचा शर्ट धरला, त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या छातीवर थापट्या मारायला लागला. परत तेच "आ! आ!" आणि परत डोळ्यांत पाणी.

तो त्याचा आनंद होता हो. बाकी काही नव्हतंच.

मग पोरानं सगळं सांगितलं. कॉरिडॉर मोकळा करा म्हणून म्हातारीला नोटीस आली होती. म्हाताऱ्याला महिनाअखेर कायमचं नर्सिंग होममध्ये हलवायचं होतं. म्हातारीनं सगळं भंगारात द्यायला सांगितलं, आणि हा म्हणाला, मी देतो. तिला वाटलं, भंगारात चाललंय. हा मात्र तुआसच्या शेडमध्ये एकेक पार्ट डिझेलमध्ये भिजवून, गंज काढून, गाडी उभी करत होता. म्हातारा तिकडं जायच्या आत एकदा इंजिनाचा आवाज त्याला ऐकवायचा, असा दोघांचा खुणांनी ठरलेला बेत. म्हातारीपासनं लपवायचं, एवढाच काय तो गुन्हा.

हे ऐकून म्हातारीचं तोंड उतरलं. मला वाटलं, आता भडकणार. पोरगीनं मात्र आपला कागद काढला आणि रीतीप्रमाणं पुढचा प्रश्न विचारला, जो आमच्याकडं शिपायालासुद्धा पाठ असतो. "तुमचं काही गेलंय का? काही हरवलंय?"

म्हाताऱ्यानं मान हलवली. हो. आणि मुठीएवढा आकार करून दाखवला.

"मॅग्नेटो," पोरगा म्हणाला. "ठिणगी पाडणारं यंत्र. बाकी सगळं आहे, तेवढंच नाही. इंजिन खोललं तेव्हापासून गायब. या शेजारच्या अंकलनं बाजारातून दोन आणले, दोन्ही दुसऱ्या गाडीचे निघाले. त्याच्याबिगर इंजिन चालूच होत नाही. मीही लय शोधला."

मी पोराच्या तोंडाकडं बघत होतो, खोटं बोलतोय का म्हणून. पोरगी म्हातारीच्या तोंडाकडं बघत होती. हा फरक आहे पोलीस आणि माझ्यात.

म्हातारी आत गेली. आतनं स्टूल ओढल्याचा आवाज आला. देवाच्या फळीमागनं काहीतरी काढलं असावं, कारण बाहेर आली तेव्हा कपाळाला अंगारा लागला होता. हातात तेलकट कापडाचं गाठोडं. ते तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. पोरानं उघडलं. आत मॅग्नेटो. तेल लावून ठेवलेला, गंजाचा ठिपका नाही.

जिच्या हातची कॉफी रोज पितोय, ती!

ती पोरगीशी बोलत होती, पण बघत होती नवऱ्याकडं. पोरीनं इंग्रजीत सांगितलं, लेकीनं मराठीत. तेव्हा ही गरोदर होती. हा पावसात गाडीवरनं पडला, डोकं फुटलं, आठवडाभर शुद्ध नव्हती. बरा झाला आणि परत जोरात पळवायची म्हणून इंजिन खोलून बसला. हा जेवायला उठला तेवढ्यात तिनं हा मॅग्नेटो उचलला. तो शोधत राहिला, ती बरोबर शोधत राहिली. एवढ्या वर्षांत त्याला अधनंमधनं तेल लावायची मात्र तीच. टाकून द्यायला हात झाला नाही, आणि त्याला परत द्यायलाही.

शेवटचं तिनं इंग्रजीत सांगितलं, बहुतेक मला कळावं म्हणून.

"आय टेक. आय हाइड. सी? ही स्टिल हियर."

म्हाताऱ्याच्या घशातनं आवाज आला. मला वाटलं, रडतोय. मग त्याच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. हसत होता! डाव्या हातानं मांडीवर थापा मारत, खुर्ची हलेपर्यंत हसत होता. हातात लेखणी असती तर मी ते 'फिर्यादीनं आक्रोश केला' असंच लिहिलं असतं.

केस तिथंच बंद झाली. गुन्हा नाही, तक्रार नाही. पोरीनं पोराला सांगितलं की तुझ्या नावावर काहीही चढणार नाही. मला म्हणाली, "अंकल, नेक्स्ट टाइम, आस्क फर्स्ट." मी परत सॅल्यूट केला. ह्या वेळी ती दचकली नाही, तिनं लक्षच दिलं नाही.

पुढच्या रविवारी टॅक्सीनं सगळे तुआसला गेलो. शेडमध्ये ती गाडी उभी. काळी टाकी, तिच्यावर हातानं ओढलेली सोनेरी रेघ. रस्त्यावर न्यायची परवानगी नव्हती, आणि ती कुणाला नकोही होती. मी म्हणालो, "ठाण्याच्या बुलेटी मी मारल्यात, सरका." किक मारली. किक उलटी आली आणि मी डिझेलच्या ट्रेमध्ये बसलो. मग पोरानं मारली. पहिल्यांदा नुसता धूर, दुसऱ्यांदा आवाज. धड-धड-धड. पोरानं म्हाताऱ्याची खुर्ची जवळ घेऊन त्याचा डावा हात एक्सलेटरवर ठेवला. मूठ उजवीकडची, हात डावा, उलटा पीळ पडत होता. म्हातारीनं वरनं आपला हात ठेवला आणि पिळली. तिनं! पत्रे थरथरले. पोटातनं ओरडला म्हातारा, आणि ह्या वेळी मी कुणाचा जबाब घेतला नाही.

पास यायला मात्र वेळ लागला. तेवढे दिवस पोरगा माझ्याशी नीट बोलला, औषधं आणून दिली, "जय भीम, काका"सुद्धा चुकवलं नाही. ते जास्त लागायचं. रोज टपालाची पेटी मीच उघडायचो. पत्र आलं तेव्हा लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानंच वर पळालो. मिळाला पास.

ह्या केसनं काय शिकवलं? पंचनाम्यातला पहिला प्रश्न, काय गेलं, तो मी कुणालाच विचारला नाही. चेहरा वाचता येतो असं वाटणारा माणूस कान बंद करून बसतो. आणि आपण गंमत म्हणून दिलेला दम समोरच्याच्या पोटात किती खोल जातो, ते काठी आपटणाऱ्याला खुर्चीवरनं दिसत नाही. आमच्या बाकावर जी पोरं बसून गेली, त्यांचं म्हणणं काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पोरगा माझी बॅग बांधायला मदत करत होता. मला राहवलं नाही.

"काही म्हण," मी म्हणालो, "शेवटी मॅग्नेटो सापडला तो माझ्यामुळं. एवढ्या वर्षांची चोरी मीच उघडकीला आणली."

त्यानं चेन ओढली, बॅग उभी केली आणि माझ्याकडं बघितलं.

"ते खरं आहे, काका. चोरांचं जाऊ द्या. तुमच्या हद्दीतले साधे लोक कसे राहत होते, मले त्याचंच नवल वाटते."